सरकारी दवाखान्यात गरोदर मातेला जास्तीची सोनोग्राफी मिळायला हवी का? नियम, हक्क आणि आपल्या जिल्ह्याचं गणित

बुलढाणा : "खासगीत तीन-तीन, चार-चार सोनोग्राफ्या काढतात, मग सरकारी दवाखान्यात एकच का?" हा प्रश्न दर महिन्याच्या ९ तारखेला जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक तपासणी शिबिरात ऐकू येतो. सासूबाई विचारतात, नवरा विचारतो, कधी कधी आशाताईलाही उत्तर देता येत नाही. सरकारनं सगळ्याच गरोदर मातांना जास्तीच्या सोनोग्राफ्या मोफत द्याव्यात, असं अनेकांना वाटतं. पैसे वाचवायला सरकार एकावर भागवतं, असाही समज आहे. नियम काय सांगतो, डॉक्टरी अभ्यास काय सांगतो आणि आपल्या जिल्ह्यात खरी अडचण कुठं आहे, ते या लेखात सविस्तर पाहू.

थोडक्यात सांगायचं तर

• प्रत्येक मातेला २४ आठवड्यांच्या आत एक सोनोग्राफी झालीच पाहिजे. १८ ते २० आठवड्यांची वेळ सगळ्यात उपयोगाची.
• जोखीम असेल तर दुसरी, तिसरी, चौथी सोनोग्राफीही सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. त्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी लागते.
• काही त्रास नसताना शेवटच्या महिन्यांत सरसकट जास्तीच्या सोनोग्राफ्या काढल्यानं बाळं किंवा माता जास्त वाचतात, असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही.
• आपल्या जिल्ह्याचा खरा प्रश्न आहे की पहिली सोनोग्राफी वेळेवर आणि जवळ मिळते का.

बुलढाण्याच्या त्या केसमुळं चर्चा वाढली

२०२५ च्या जानेवारी अखेरीस बुलढाण्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाचं नाव देशभर गेलं. शेवटच्या टप्प्यातल्या एका गरोदर मातेची तिथं सोनोग्राफी झाली. तिच्या पोटातल्या बाळाच्या पोटातही गर्भासारखी वाढ असल्याचं डॉक्टरांना दिसलं. याला 'फीटस इन फीटू' म्हणतात आणि साधारण ५ लाख जन्मांत असं एखादं बाळ सापडतं. मातेची प्रसूती झाली, नंतर बाळाला अमरावतीच्या सरकारी संदर्भ सेवा रुग्णालयात नेऊन शस्त्रक्रिया करण्यात आली.

आपल्याच जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात, सरकारी मशीनवर आणि सरकारी डॉक्टरांच्या नजरेनं हे सापडलं, याचं कौतुक व्हायलाच हवं. पण यावरून "सगळ्यांचीच शेवटच्या महिन्यात सोनोग्राफी काढा" असं ठरवता येत नाही. लाखांत एखाद्या बाळाला होणाऱ्या आजारावरून सगळ्यांसाठीचा नियम ठरत नसतो. हजारो मातांना नेहमी येणाऱ्या अडचणी कोणत्या आणि त्या कोणत्या तपासणीत सापडतात, हे आधी बघावं लागतं.

कोणत्या महिन्यात सोनोग्राफी काय दाखवते?

सोनोग्राफीत एक्स-रे नसतो. आवाजाच्या लहरी पोटात जातात, परत येतात आणि त्यातून चित्र तयार होतं. "जास्त सोनोग्राफीनं बाळाला किरणं लागतात" ही भीती खरी नाही. तरीही कारण असेल तेव्हाच ती करावी, असं डॉक्टर सांगतात.

पहिले तीन महिने : गर्भ पिशवीतच आहे की नळीत, ठोके आहेत का, जुळं आहे का आणि दिवस किती भरलेत, हे कळतं. शेवटच्या पाळीची तारीख अनेकींना नीट आठवत नाही. या काळातल्या सोनोग्राफीत दिवसांचा अंदाज जेमतेम ५ ते ७ दिवसांनी इकडंतिकडं होतो. हीच सोनोग्राफी आठव्या-नवव्या महिन्यात पहिल्यांदा काढली तर फरक तीन आठवड्यांपर्यंत जातो. मग बाळ खरंच लहान आहे की दिवसच कमी भरलेत, हे सांगणं अवघड होतं.

१८ ते २० आठवडे (पाचवा महिना) : बाळाचं डोकं, मणका, हृदय, किडनी, हात-पाय आणि वार कुठं आहे ते दिसतं. व्यंग असेल तर बहुतेक वेळा इथं सापडतं, पण प्रत्येक व्यंग सापडेलच अशी खात्री कोणतंच मशीन देत नाही. या वेळेला कायद्याच्या दृष्टीनंही महत्त्व आहे. २०२१ साली बदललेल्या गर्भपात कायद्यानुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं गर्भपात करता येतो. ठरावीक गटांतल्या महिलांसाठी ही मुदत दोन डॉक्टरांच्या मतानं २४ आठवड्यांपर्यंत आहे. त्यापुढं गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडं जावं लागतं. म्हणजे पाचव्या महिन्याची सोनोग्राफी सातव्यात गेली तर घरच्यांपुढचे मार्ग कमी होतात आणि धावपळ वाढते.

२८ ते ३६ आठवडे : बाळाची वाढ, पाणी किती आहे, वार खाली आहे का, बाळाचं डोकं खाली आहे की बाळ पायाळू आहे, हे कळतं. खासगीत जी दुसरी-तिसरी सोनोग्राफी होते, ती बहुतेक याच काळातली असते.

सरकारचा नियम काय आहे?

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ पासून सुरू आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरकडून तपासणी, रक्त-लघवी, रक्तदाब आणि गरोदरपणात किमान एक सोनोग्राफी, असं त्यात ठरलेलं आहे. लक्षात घ्या, नियमात शब्द 'किमान' असा आहे. एकापेक्षा जास्त सोनोग्राफी देऊ नका, असं कुठंही लिहिलेलं नाही.

तपासणीनंतर माता-बाल संरक्षण कार्डावर रंगीत स्टिकर लावतात. हिरवं म्हणजे जोखीम नाही, लाल म्हणजे जास्त जोखीम. निळं गरोदरपणात वाढलेल्या रक्तदाबासाठी आणि पिवळं शुगर, थायरॉइडसारख्या सोबतच्या आजारांसाठी. जोखमीच्या मातांचा पाठपुरावा व्हावा म्हणून २०२२ मध्ये या अभियानाला जोड दिली गेली. त्यात अशा मातेला नेहमीच्या तपासण्यांशिवाय आणखी ३ तपासण्या ठरवून दिल्या आहेत.

त्याआधी १ जून २०११ ला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला. त्यात सरकारी दवाखान्यात गरोदर मातेची औषधं, रक्त, जेवण आणि सोनोग्राफीसह सगळ्या तपासण्या मोफत आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळंच मोफत केलं आहे. त्यामुळं डॉक्टरनं लिहून दिलेली दुसरी सोनोग्राफी असली तरी सरकारी दवाखान्यात तिचे पैसे द्यावे लागत नाहीत.

जास्तीची सोनोग्राफी कोणाला मिळायलाच हवी?

खालीलपैकी काहीही असेल तर एका सोनोग्राफीवर थांबू नका. डॉक्टरला स्पष्ट सांगा आणि पुन्हा तपासणी करायची का, ते विचारा.

• आधीचं बाळंतपण सिझरचं आहे
• जुळं किंवा तिळं आहे
• बीपी वाढलेला आहे, पायांबरोबर तोंडावर-हातावर सूज आहे, डोकं दुखतं, डोळ्यापुढं अंधारी येते
• शुगर आहे, रक्त खूप कमी आहे किंवा रक्तगट निगेटिव्ह आहे
• अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं
• बाळाची हालचाल कमी झाली
• सिस्टरनं पोट मोजलं तर महिन्याच्या मानानं पोट लहान किंवा मोठं भरतं
• आधी बाळ पोटात दगावलं, कमी दिवसांचं झालं किंवा व्यंग असलेलं झालं
• पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वार खाली असल्याचं लिहिलंय (ही पुढं ३२ आठवड्यांच्या सुमारास पुन्हा बघावी लागते)
• दिवस भरत आले तरी बाळ आडवं किंवा पायाळू वाटतं

यातलं रक्तस्राव, पाणी जाणं, हालचाल कमी होणं किंवा अंधारी येणं झालं तर ९ तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मग सगळ्यांनाच तीन सोनोग्राफ्या का नाहीत?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ साली गरोदर मातांच्या तपासणीबद्दल शिफारशी केल्या. त्यात २४ आठवड्यांच्या आत एक सोनोग्राफी सांगितली आहे. २०२२ मध्ये हा मुद्दा पुन्हा तपासला गेला आणि सल्ला तोच राहिला. सुरुवातीची सोनोग्राफी झालेल्या मातेला काही अडचण नसेल, तर २४ आठवड्यांनंतर सरसकट सोनोग्राफीची शिफारस केलेली नाही.

यामागं अभ्यास आहे. जोखीम नसलेल्या मातांच्या शेवटच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीवर झालेल्या १३ चाचण्या २०१५ मध्ये एकत्र तपासल्या गेल्या. त्यात जवळपास ३५ हजार महिला होत्या. सरसकट सोनोग्राफीनं मातेला किंवा बाळाला ठोस फायदा झाल्याचं त्यात दिसलं नाही.

आपल्यासारख्या ग्रामीण भागाशी जुळणारा एक अभ्यास काँगो, ग्वाटेमाला, केनिया, पाकिस्तान आणि झांबिया या ५ देशांत झाला. तो २०१८ मध्ये छापून आला. खेड्यांतल्या आरोग्य केंद्रांवर मशीन दिलं, नर्सना शिकवलं आणि प्रत्येक मातेची पाचव्या आणि आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास अशी दोनदा सोनोग्राफी केली. तरीही मातामृत्यू, मृत जन्म किंवा बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. तपासणीला येणाऱ्यांची संख्याही त्यामुळं वाढली नाही.

याचा अर्थ सोनोग्राफी बिनकामाची आहे, असा नाही. सोनोग्राफी अडचण दाखवते, पण ती सोडवायला रक्ताची पिशवी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर आणि वेळेवर गाडी लागते. बाळंतपणात माता दगावण्याची मोठी कारणं म्हणजे अति रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब आणि जंतुसंसर्ग. त्यासाठी बीपीचं मशीन आणि हिमोग्लोबिनची तपासणी आधी लागते, आणि ती उपकेंद्रावरही होते. सोनोग्राफी झाली म्हणून बीपी-रक्ताची तपासणी टाळणं हे उलट धोक्याचं आहे.

जास्त सोनोग्राफ्यांचा तोटाही असतो. शेवटच्या महिन्यात बाळाच्या वजनाचा अंदाज चुकतो. 'बाळ लहान आहे', 'पाणी कमी वाटतं' असं ऐकलं की घर घाबरतं. मग पुन्हा चकरा, पुन्हा खर्च आणि काही वेळा गरज नसलेलं सिझर.

दुसरी बाजूही ऐकायला हवी

श्रीमंत देशांतही यावर एकमत नाही. इंग्लंडची सरकारी आरोग्य सेवा तिसऱ्या आणि पाचव्या महिन्याच्या सुमारास अशा दोन सोनोग्राफ्या देते. जर्मनी आणि फ्रान्समध्ये तीन देतात.

जास्तीच्या सोनोग्राफीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या अभ्यासातून येतो. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिलटकरणींची ३६ आठवड्यांना सोनोग्राफी केली तेव्हा ३,८७९ पैकी १७९ जणींचं बाळ पायाळू निघालं. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींच्या बाबतीत आधी कोणाला शंकाही आली नव्हती. म्हणजे नुसतं पोटाला हात लावून बाळाची दिशा दरवेळी कळत नाही.

आपल्याकडं हा मुद्दा आणखी गंभीर आहे. बाळ पायाळू आहे हे शहरात कळ सुरू झाल्यावर कळलं तरी ऑपरेशनची सोय जवळ असते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात रात्री दोन वाजता कळलं तर काय करायचं? बाळाचं डोकं खाली आहे का, एवढंच बघायला मोठी सोनोग्राफी लागत नाही, दोन-तीन मिनिटांत काम होतं. त्यामुळं सरकारला जास्तीचं काही द्यायचंच असेल, तर दूरच्या गावांतल्या मातांसाठी ३६ आठवड्यांची ही छोटी तपासणी आधी विचारात घ्यावी.

आपल्या जिल्ह्याची खरी अडचण : अंतर, डॉक्टर आणि वेळ

जिल्ह्यात १३ तालुके. जिल्हा स्त्री रुग्णालय घाटावर बुलढाण्यात. घाटाखाली खामगावचं सामान्य रुग्णालय आणि शेगावचं सईबाई मोटे उपजिल्हा रुग्णालय. संग्रामपूर, जळगाव जामोदच्या टोकाच्या गावातून बुलढाण्याला यायचं म्हणजे ऐंशी-शंभर किलोमीटर आणि वर घाट. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण सोबत येणाऱ्या नवऱ्याचं पूर्ण तिकीट लागतं आणि दोघांची मजुरी बुडते. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी ३१२ रुपये रोज ठरली. दोघांचे मिळून सहाशेच्या वर रुपये गेले, वर चहा-पाणी, जेवण. एवढं करून "आज नंबर लागणार नाही, पुढच्या वेळी या" असं ऐकलं की बाई पुन्हा येत नाही, किंवा खासगीत पैसे भरते. सोनोग्राफी मोफत असली तरी ती पदरात पडेपर्यंतचा खर्च मोफत नसतो.

दुसरी अडचण डॉक्टरची. मशीन विकत आणता येतं, पण ते चालवायला कायद्यानं पात्र डॉक्टर लागतो. २०१२ च्या नियमानुसार एका डॉक्टरला जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच केंद्रांवर सोनोग्राफी करता येते. हातात धरून नेता येणारं मशीन वाटेल त्या गावात नेता येत नाही आणि सिस्टरला किंवा आशाताईला ते वापरता येत नाही. केनियात नर्सनं केलं ते आपल्याकडं जसंच्या तसं चालणार नाही. बुलढाण्यात २०२४ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय. तिथं शिकणारे-शिकवणारे डॉक्टर वाढले की ही टंचाई थोडी कमी व्हावी, अशी आशा आहे. पण त्याला वर्षं लागतील.

कायदा इतका कडक का? आपल्या जिल्ह्याचा आकडाच बघा

२००१ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात ६ वर्षांखालच्या दर हजार मुलांमागं ९०८ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८५५ वर आल्या. राज्याचा आकडा तेव्हा ८९४ होता. म्हणूनच जानेवारी २०१५ मध्ये 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' सुरू झालं तेव्हा देशातल्या पहिल्या १०० जिल्ह्यांत बुलढाण्याचं नाव होतं. ही अभिमानाची गोष्ट नव्हती.

गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, साल १९८८. केंद्राचा कायदा १९९४ चा. लिंग सांगणाऱ्या डॉक्टरला पहिल्या गुन्ह्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड आहे. लिंग तपासून मागणाऱ्या नवऱ्याला, नातेवाइकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. दबाव टाकून आणलेल्या बाईला कायदा गुन्हेगार धरत नाही.

म्हणूनच प्रत्येक सोनोग्राफीला 'फॉर्म एफ' भरावा लागतो. त्यात सोनोग्राफीची २३ कारणं छापलेली आहेत. कारण लिहिल्याशिवाय सोनोग्राफी करता येत नाही, मग ती सरकारी असो की खासगी. 'बाळाचा चेहरा बघायचाय', 'मनाची खात्री करायचीय' ही कारणं त्यात बसत नाहीत. त्यामुळं "पैसे घ्या पण काढून द्या" असा आग्रह धरून उपयोग नाही.

सरकारी सोनोग्राफ्या वाढल्या तर लिंग तपासणी वाढेल का? असं थेट म्हणता येत नाही. चोरून होणारे प्रकार रजिस्टरवर नसलेल्या मशीनवर होतात. पण जिथं मुलींचा आकडा एवढा घसरला होता, तिथं मशीन आणि तपासण्या वाढवताना नोंदी आणि देखरेखही तेवढीच वाढवावी लागेल.

काय व्हायला हवं?

१. प्रत्येक मातेला १८ ते २० आठवड्यांत एक सोनोग्राफी मिळेल, याची हमी हवी. किती सोनोग्राफ्या झाल्या एवढंच न मोजता, किती मातांची २४ आठवड्यांच्या आत झाली, हे तालुकावार मोजावं आणि जाहीर करावं.

२. सरकारी डॉक्टर नसलेल्या तालुक्यात खासगी केंद्राशी करार करून मातेला कूपन द्यावं. उत्तर प्रदेशात ई-रुपी व्हाउचरवर खासगी केंद्रात मोफत सोनोग्राफी करून देण्याची पद्धत सुरू केली आहे.

३. लाल स्टिकर असलेल्या मातेला सोनोग्राफीच्या रांगेत आधी घ्यावं. तिच्या येण्या-जाण्याची गाडी दवाखान्यानं ठरवावी.

४. दूरच्या गावांतल्या मातांची ३६ आठवड्यांना बाळाच्या दिशेची तपासणी ग्रामीण रुग्णालयात करून बघावी.

सगळ्यांना सरसकट तीन सोनोग्राफ्या द्यायच्या ठरल्या, तर आहे त्याच मशीनवर आणि त्याच डॉक्टरवर तिप्पट गर्दी होईल. जवळ राहणाऱ्या, माहीतगार घरच्या बाया तीनदा आत जातील आणि घाटाखालच्या टोकाच्या गावातली बाई पहिल्या वेळीच परत जाईल. आधी तिचा नंबर लागला पाहिजे.

तुम्ही काय करायचं?

• पाळी चुकली की १२ आठवड्यांच्या आत आशाताईकडं नाव नोंदवा आणि माता-बाल संरक्षण कार्ड घ्या.
• पहिल्याच तपासणीत विचारा, "माझी पाचव्या महिन्याची सोनोग्राफी कोणत्या तारखेला आणि कुठं?" तारीख कार्डावर लिहून घ्या.
• जाताना आधार कार्ड, माता-बाल कार्ड, डॉक्टरची चिठ्ठी आणि आधीचे रिपोर्ट सोबत न्या. निघण्याआधी डॉक्टर हजर आहेत का, हे आशाताईमार्फत विचारून घ्या.
• रिपोर्ट घरी ठेवून देऊ नका. सिस्टरला किंवा डॉक्टरला दाखवा, त्यातली पुढची तारीख समजून घ्या.
• सरकारी दवाखान्यात सोनोग्राफीचे पैसे मागितले तर १०४ या आरोग्य हेल्पलाइनवर तक्रार करता येते.
• अचानक त्रास झाला तर १०८ ला फोन करा. गरोदर माता आणि बाळासाठी १०२ ही गाडीही आहे.
• कुठं लिंग तपासणी होत असल्याचं कळलं तर १८००-२३३-४४७५ या टोल फ्री क्रमांकावर कळवा.

सोनोग्राफी एक झाली की तीन, यावर बाळंतपण सुखरूप होईल की नाही हे ठरत नाही. वेळेवर झालेली एक सोनोग्राफी, चार वेळा बीपी-रक्ताची तपासणी आणि अडचण दिसली तर हलायची तयारी, एवढं प्रत्येक घरानं धरून ठेवावं. आणि ती एक सोनोग्राफी तुमच्या गावातल्या मातांना वेळेवर मिळत नसेल, तर ग्रामसभेत आणि दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीपुढं तो विषय मांडा.